शांततेचा प्रयोग आणि शिवदासची गिरण

माझ्या आईला शिवदासच्या पिठाच्या गिरणीत, चक्की पूर्ण वेगाने चालू असताना, समोरच्या माणसाचा प्रत्येक शब्द ऐकू येत असे. आमच्या मुळगावच्या घरात, दारे-खिडक्या लावून आणि पंखा बंद करून बोललेले तिला ऐकू येत नसे.

मी गोव्यात डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते कारण त्या घटनेच्या आधी घडलेले असते, या दोन गोष्टींवर माझा विश्वास आहे. विश्वासाचे उरलेले सगळे खाते माझी पत्नी सुविधा सांभाळते, आणि त्या खात्यात ती नारळांची कमतरता पडू देत नाही.

प्रकरण सुरू झाले ते आमच्या सिद्धीमुळे. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कानाचे विकार आणि श्रवणदोष असलेल्या रुग्णांची शुश्रूषा या विषयासाठी तिला एका रुग्णाची घरच्या घरी काळजी घेऊन त्यावर वर्गात बोलायचे होते. तिच्या मैत्रिणी अशा रुग्णाच्या शोधात गावोगाव हिंडत होत्या. सिद्धीचा रुग्ण आमच्याच दारापुढच्या बाल्कांवावर बसून चहात पोईचा पाव बुडवत होता.

"बाबा, प्रकल्प माझा आहे हां," सिद्धीने आधीच बजावले.

"अर्थात," असे म्हणून मी प्रकल्प ताब्यात घेतला.

आरंभ अत्यंत शास्त्रशुद्ध झाला. कानात तेल घालायचे नाही, पाणी जाऊ द्यायचे नाही, काडी घालायची नाही, हा पहिला नियम. आईच्या अंबाड्यातला आकडा अंबाड्यात जितका वेळ असे त्याहून अधिक वेळ कानात असे. सिद्धीने तो जप्त केला. दुसऱ्या दिवशी दुसरा निघाला. आमच्या घरात एवढे आकडे आहेत हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी प्रथमच कळले. शेवटी सुविधाने आईला केस बांधायला रबर दिले, आणि आईने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर कोणत्याही पाठ्यपुस्तकात वर्णिलेली नाही.

शेजारच्या यशोदाबाय यांचा या नियमाला तात्त्विक विरोध होता.

"मास्तर, लसणीचा तेल कोमट करून घाल. माज्या मामेसासऱ्याच्या कानात घातललो. मागीर तेणी कानाची तक्रार म्हणून केल्यान नाय."

"पुढे किती वर्षे जगले?"

"तो पुढच्याच महिन्यात गेलो. पण कानाची तक्रार केल्यान नाय."

नमुना एकाच व्यक्तीचा आणि निरीक्षणाचा कालावधी अपुरा, असे माझे मत मी त्यांना शांतपणे समजावून दिले. त्यांनी ते तितक्याच शांतपणे ऐकून घेतले आणि तेलाची वाटी आमच्या दारात ठेवून गेल्या.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बॅटरीने कान पाहिले. मळ नाही, पडदा शाबूत, बाकी वय. त्यांनी म्हापशाला कानाच्या तज्ज्ञांकडे जायला सांगितले. आम्ही गेलो. तिथल्या कानाच्या विभागात रुग्णाला नाव पुकारून आत बोलावतात. या पद्धतीत ज्याचा कान बरा तो रुग्ण आधी आत जातो. मी गाडीसाठी जागा शोधत होतो आणि आई बाकावर बसली होती. तिचे नाव पुकारले गेले, पुन्हा पुकारले गेले, आणि कमलाक्षी नावाची बाई गैरहजर आहे असे ठरून विभाग बंद झाला.

"पण त्या इथेच बसल्या होत्या!" मी खिडकीपाशी म्हणालो.

"मग ओ का दिली नाही?" आतल्या गृहस्थांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक संपूर्ण विभाग उभारलेला आहे आणि त्या विभागाच्याच दारात आपण उभे आहोत, हे मी त्यांना सांगणार होतो. त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढची तारीख गणेशचवथीनंतरची मिळाली.

तोवर काय करायचे, हा प्रश्न सिद्धीच्या दुसऱ्या नियमाने सोडवला. श्रवणदोष असलेल्या रुग्णाशी त्याच्या समोर बसून, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे पाहून, सावकाश आणि स्पष्ट बोलावे, ओरडू नये, आणि बोलताना आजूबाजूचा गोंगाट कमी करावा. नियम उत्तम आहे. त्यात आक्षेप घेण्याजोगे काहीही नाही, आणि ज्या गोष्टीत आक्षेप घेण्याजोगे काही नसते तीच माझ्या हातून टोकाला जाते.

मी मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय घेतली आणि घराचे सर्वेक्षण केले. पंखा बंद झाला. ऑगस्टच्या दमटपणात आम्ही घामाने निथळत परस्परांशी सावकाश आणि स्पष्ट बोलू लागलो. मिक्सर न्हाणीघरात हलवला. प्रेशर कुकरला रजा दिली. टीव्हीवरची मालिका सुविधा बिनआवाजी पाहू लागली आणि कोण कोणावर रागावले आहे हे केवळ भुवयांवरून ओळखू लागली.

"कुकराची शिट्टी बंद झाली," ती म्हणाली, "पण आता माझ्या डोक्याची कधी वाजेल ते सांगता येत नाही. उघड्या टोपात तूरडाळ शिजवून पाहिली आहे का कधी?"

"ओरडू नकोस," मी म्हणालो. "नियम आहे."

परिणाम मात्र उलटा दिसू लागला. घर जितके शांत होत गेले तितके आईला कमी ऐकू येऊ लागले. मी तिच्यासमोर खुर्ची ठेवून, तोंडावर दिव्याचा उजेड घेऊन, भूल देण्यापूर्वी डॉक्टर बोलतात त्या स्वरात विचारी, "आई, चहा घेणार?" आई माझ्या तोंडाकडे, मग दिव्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाही.

"देवेशा, तुजी तब्येत बरी आसा मरे?"

असा अनुभव आला की सामान्य माणूस पद्धत बदलतो. मी सामान्य नसल्यामुळे पद्धत अधिक काटेकोर केली. घरातला आवाज संपला होता. आता रस्त्यावरचा उरला होता. सकाळी पाववाला नितीन सायकलवरून भोंपू वाजवत येतो. तो मूळचा बेळगावकडचा, पण पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंपू त्याने असा आत्मसात केला आहे की तो वाजला की अर्धा वाडा पिशवी घेऊन दारात उभा राहतो. मी त्याला बाजूला घेतले आणि आमच्या गल्लीत भोंपू न वाजवण्याची विनंती केली.

"मग लोकांना कळणार कसं, सर?"

"त्यांनी वेळ लक्षात ठेवावी."

लोकांनी वेळ लक्षात ठेवली नाही. नितीन निःशब्दपणे आला, निःशब्दपणे गेला, आणि गल्लीतल्या एकाही घरी पोई पोचली नाही. दुपारपर्यंत 'मास्तराने पाव बंद केला' ही बातमी देवळाच्या पलीकडे गेली होती. गोव्यात माणसाने काय वाटेल ते करावे, सकाळच्या पावात हात घालू नये. यशोदाबाय संध्याकाळी आल्या आणि माझ्याशी न बोलता बाल्कांवावर उभ्या राहून आकाशाला म्हणाल्या, "पोर्तुगीज गेले, पण तेंनी पाव ठेवलो हो!"

या टप्प्यावर मी माघार घेतली असती तर ती माघार ठरली असती. म्हणून मी पंचायतीत गेलो. आमच्या प्रभागाचे पंच बाबली हे माझे जुने विद्यार्थी नाहीत, ही त्यांच्या आणि माझ्याही दृष्टीने समाधानाची बाब आहे. आमची गल्ली शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करावी, असा अर्ज मी त्यांच्यापुढे ठेवला.

"शांतता क्षेत्र करूक इस्पितळ जाय, नाय तर शाळा, नाय तर देऊळ," बाबली म्हणाले. "तुमच्या गल्लीत ह्यातला किते आसा?"

"श्रवणदोष असलेली माझी आई आहे."

बाबलींनी थोडा विचार केला. "मास्तर, तिका आयकूच येणा नाय जाल्यार तिका आवाजाचो त्रास कसो जातलो?"

बाबलींच्या राजकीय कारकिर्दीत त्यांनी तर्काचा वापर केल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, आणि तो नेमका माझ्याविरुद्ध असावा याचे मला वाईट वाटले. मी मुद्दा ग्रामसभेत मांडण्याचा आग्रह धरला.

शांततेवरची ती चर्चा ग्रामसभेने ध्वनिक्षेपकावरून केली. एक कर्णा सभागृहात आणि दुसरा, लोक घरबसल्या ऐकतील म्हणून, रस्त्याच्या बाजूला लावला होता. त्या कर्ण्याची दिशा आमच्या बाल्कांवाकडे होती. त्यामुळे माझ्या आईच्या कानाची परिस्थिती, त्या कानासाठी बंद झालेला पाव आणि "मास्तराचा कुकरसुद्धा मुका झालो" हे बाबलींचे उद्गार सर्व गावाने ऐकले, आणि बाल्कांवावर बसलेल्या आईनेही ऐकले. कर्ण्यातून आलेले तिला सगळे नीट ऐकू आले.

मी घरी पोचलो तेव्हा ती उभी होती.

"माज्या नावान गावाचो पाव बंद केलस?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी—" मी नियमानुसार, सावकाश, स्पष्ट आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"उलय मरे! तोंड हालयता आनी उलयना!" मी नुसते तोंड हलवतो, बोलत नाही, असा आरोप ठेवून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांदळाचा डबा घेतला आणि शिवदासच्या गिरणीत गेली. तांदूळ दळून झाले तरी ती आली नाही. संध्याकाळी आली ती पायापासून भुवयांपर्यंत पांढरी होऊन, अत्यंत प्रसन्न मुद्रेने. पाळी गावातल्या कुणाचे लग्न मोडले, कुणाचे जमले, मंजुळाच्या म्हशीने काय खाल्ले, चवथीला मुंबईहून कोण येणार आणि कोण नुसते येतो म्हणणार, हे सगळे तिला माहीत होते. सुविधाने चौकशी केली. प्रत्येक तपशील अचूक निघाला. गिरणीच्या आवाजात, जिथे मला माझे विचारसुद्धा ऐकू येत नाहीत, तिथे माझ्या आईने पूर्ण दिवस गप्पा मारल्या होत्या.

हळूहळू ती रोज जाऊ लागली. चवथ जवळ आल्याने गिरणीत पिठासाठी रीघ होती आणि तिथे तिला बोलायला माणसांची वाण नव्हती. आधी सकाळ, मग दुपारही. जेवणाचा डबा सोबत. शिवदासने तिच्यासाठी कोपऱ्यात खुर्ची ठेवली. गावात माझ्याकडे पाहण्याची लोकांची पद्धत बदलली. वीस वर्षे 'मास्तर, बरे मूं?' असे विचारणारी माणसे आता 'आवय खंय आसा?' असा आईचा ठावठिकाणा विचारू लागली, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जाऊ लागली. कारण उत्तर त्यांना माहीत होते. ज्या माणसाची आई गिरणीत जेवते, त्याला न्यूटनचे तीन नियम येतात की चार याच्याशी कोणाला देणे-घेणे नसते.

सुविधाचा वेगळाच तर्क होता. "आईंना हवे ते ऐकू येते. नको ते येत नाही."

अशा आरोपाची परीक्षा घेता येते, आणि मी घेतली. आई पाठमोरी खोबरे किसत बसली असता मी तिच्या मागे उभा राहिलो आणि रोजच्या आवाजात म्हणालो, "यशोदाबाय सांगत होत्या, कमलाक्षीच्या सोलकढीत निव्वळ पाणी असते." आईचा हात थांबला नाही. हे वाक्य ऐकून जागचा न हललेला माणूस आमच्या वाड्यात जन्मलेला नाही. तेव्हा आई सोंग घेत नव्हती, हे सिद्ध झाले.

मग कारण काय? मी गृहीतके मांडली. पहिले, गिरणीतली कोरडी हवा. ते एका पावसाळी दुपारी मोडले: बाल्कांवाच्या पत्र्यांवर सरी अशा कोसळत होत्या की सुविधाला पलीकडून मला हाक मारावी लागली, 'कपडे काढा!' आणि मी उठण्याआधी आई उठून दोरीवरचे कपडे काढू लागली. इतकी दमट हवा पुऱ्या वर्षात नसते. ही नोंद मी विसंगती म्हणून बाजूला ठेवली. विज्ञानात विसंगती बाजूला ठेवणे ही मोठी चूक असते, असे मी मुलांना दर वर्षी शिकवतो.

दुसरे गृहीतक कंपनाचे होते. गिरणीत जमीन हादरते. त्या हादऱ्याने कानातली लहान हाडे सैल होत असतील. हे तपासण्यासाठी मी आईची खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी, कपडे धुण्याच्या यंत्राला चिकटवून ठेवली, तिचे पाय त्याला टेकवले आणि यंत्र पिळण्याच्या अवस्थेवर लावले. आई थरथरू लागली. मी समोर बसलो, चेहऱ्यावर उजेड घेतला आणि नियमाप्रमाणे हळूच विचारले, "आई, आता ऐकू येते का?"

आई थरथरत्या आवाजात म्हणाली, "देवेशा, माका धुवूक घालतलो काय?"

सिद्धी त्या वेळी इतकी हसली की तिला बाहेर जावे लागले. परत आल्यावर ती म्हणाली, "बाबा, शुश्रूषेत पहिली गोष्ट रुग्णाचा सन्मान."

आईने मात्र तो यंत्राचा प्रयोग मनाला लावून घेतला. त्या संध्याकाळी तिने अगदी साधेपणाने सांगितले, "चवथीक हांव शिवदासाकडे रवतां. तेच्या घरात नेवऱ्यो करूक कोण नाय."

घरात खरोखरच शांतता पसरली. या आधीची सर्व शांतता मी निर्माण केलेली होती. ही आपोआप आली. चवथीला गोव्याचा माणूस आखातातून, जहाजावरून, जिथे असेल तिथून घरी येतो. आमच्या घरात गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला काय बांधायचे, कुठले फळ कुठे, नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, सारण किती परतायचे, हे सगळे आईच्या तोंडून निघते आणि बाकीचे ऐकतात. घरातली सगळ्यात मोठी बाई चवथीला परक्या घरी जेवणार, हे मुळगावात घडलेले कोणाला आठवत नव्हते. सुविधा रडली. तिने आईंना जवळ बसवून हळूच विनवले. आई म्हणाली, "किते म्हणटा कोण जाणा," आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सिद्धीला घेऊन गिरणीत गेलो. प्रयोगशाळेतला, आपटला की गुंजणारा, नादकाटा मी खिशात ठेवला होता. तो कशासाठी घेतला हे मला त्या वेळी सांगता आले नसते. रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नाही, इतकेच. दोन शिंगांची लोखंडी वस्तू हातात असली की शिक्षकाला आधार वाटतो.

गिरणीत बायकांची रांग होती. तांदूळ, गहू, एका कोपऱ्यात मिरच्या. चक्की गर्जत होती. आई खुर्चीवर बसली होती, भोवती बायका, आणि ती हसत होती. घरात ती अशी हसलेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

मी पुढे गेलो आणि बोललो. माझे मलाच ऐकू आले नाही. पुन्हा बोललो. शिवदासने हातानेच विचारले, किती किलो? मी मान हलवली. मग मी छाती भरून घेतली.

"आई! घरी चल!"

"कित्याक?" आई ओरडली. तिने ऐकले होते.

"चवथ आली!"

"आयली तर आयली! घरात माका कोण उलयता?"

"मी बोलतो!"

"तू तोंड हालयता!"

पुढे काय बोलायचे हे मी ठरवून आलो होतो. मुद्दे तीन होते आणि ते क्रमाने मांडायचे होते. परंतु चक्कीच्या त्या आवाजात मुद्दे टिकत नाहीत. मी होता नव्हता तेवढा सगळा आवाज एकवटला, आणि नेमक्या त्या क्षणी मुळगावची वीज गेली. पट्टा थांबला. चक्की थांबली. आणि त्या संपूर्ण, निर्मळ शांततेत, रांगेतल्या सर्व बायकांसमक्ष, बाहेर थांबलेल्या बसच्या प्रवाशांसमक्ष, मी पूर्ण ताकदीने ओरडलो:

"तू नाय तर माका जेवण जायना गो, आई!"

मिरच्यांचा खकाणासुद्धा हवेत थांबल्यासारखा झाला.

मी सावकाश आणि स्पष्ट बोलणारा माणूस आहे. वर्गात मी आवाज चढवत नाही. घरी मी मराठी प्रमाणभाषेत बोलतो. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले यावर मला विश्वास ठेवायला वेळ लागला. रांगेतली मंजुळा पदराने डोळे पुसू लागली. ते मिरचीमुळे असावे. शिवदासने पट्ट्याकडे पाहण्याचे निमित्त केले. आई उठली.

"मगे इतके दिवस असा उलयना जाल्लो कित्याक?" ती म्हणाली, आणि माझ्या शर्टावरचे पीठ झटकू लागली. तिच्या हातावर माझ्या शर्टाहून अधिक पीठ असल्याने तो शर्ट पुढे वापरता आला नाही.

माझा घसा दुखत होता. तो कशाने दुखतो आहे याचा मी विचार केला, आणि मग वळून सिद्धीकडे पाहिले. सिद्धी माझ्याकडेच पाहत होती. तिने हात पुढे केला. मी खिशातून नादकाटा काढून तिच्या हातावर ठेवला.

वीज नसल्याने गिरणीत प्रयोगाला हवी तशी शांतता होती. सिद्धीने काटा टेबलाच्या कडेवर आपटला आणि आजीच्या कानाजवळ हवेत धरला.

"वाजता?"

"ना."

मग तिने काट्याचे मूळ कानामागच्या हाडावर टेकवले. आई दचकली.

"अगे! देवळातली घांट कशी! भितर वाजता!"

दुसऱ्या कानालाही तेच. मग रांगेतल्या सगळ्या बायकांनी आपापले कान पुढे केले. वीज येईपर्यंत सिद्धीने सर्वांना तपासले. त्यांना सगळ्यांना हवेतला आवाज मोठा आणि हाडावरचा लहान वाटला. फक्त आईचे उलटे होते. यशोदाबाय शेवटच्या होत्या. आपल्याला दोन्ही कानांनी सारखेच ऐकू येते आणि कोणी सोलकढीबद्दल काय बोलले तेही ऐकू येते, असे त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितले.

आई त्या संध्याकाळी घरी आली. आम्ही तिघेही तिच्याशी ओरडून बोललो. सुविधाने सारणात गूळ किती, हे न्हाणीघरातून विचारले आणि आईने स्वयंपाकघरातून सांगितले. पंखा सुरू झाला, कुकर सुरू झाला, आणि सकाळी नितीनने आमच्या दारासमोर उभे राहून, मागची थकबाकी फेडल्यासारखा, भोंपू लांबच लांब वाजवला. चवथीच्या आरतीला मातीचे घुमट-वाद्य आणि झांजा अशा घुमल्या की आईने त्या गदारोळात शेजारच्या पोरट्याचे चुकलेले कडवे पकडले आणि त्याला पहिल्यापासून म्हणायला लावले. नेवऱ्यांत सारण भरपूर होते. माटोळीचे नारळ तिने जागचे हलवून घेतले, मग पुन्हा हलवून घेतले, मग पहिल्या जागी लावून घेतले.

चवथीनंतर म्हापशाला गेलो. या वेळी मी बाकावर आईशेजारी बसलो आणि नाव पुकारताच मीच ओ दिली. तज्ज्ञांनी बंद खोलीत यंत्रावर तपासणी केली. सिद्धीने नादकाट्याची हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "ऐकू कमी यायला लागले ते कधीपासून?"

"खाणींचे ट्रक बंद झाले तेव्हापासून," मी म्हणालो, आणि मीच थबकलो. ट्रक चालू होते त्या वर्षांत, दारावरून खनिजाने भरलेल्या ट्रकांची रांग जात असताना, आमच्या घरात कोणीही कोणाशी हळू बोलत नव्हते.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी श्रवणयंत्र लिहून दिले. शस्त्रक्रियाही होऊ शकते, पण यंत्राने काम भागेल, असे ते म्हणाले. काम भागले. सिद्धी वर्गात या रुग्णाबद्दल बोलली, आणि तिला विचारलेल्या प्रश्नांत कपडे धुण्याच्या यंत्राविषयी एकही प्रश्न नव्हता, कारण तो भाग तिने माझ्यावर उपकार म्हणून वगळला होता.

कारण असे होते. आईच्या दोन्ही कानांत, पडद्याच्या आतले सर्वांत लहान हाड, ज्याला रिकीब म्हणतात, ते वाढलेल्या अस्थीत जखडून हलेनासे झाले होते. आतला कान आणि त्याची नस उत्तम होती. फक्त बाहेरचा आवाज तिथवर पोचताना वाटेत मंद होत होता; हाडावर टेकवलेल्या काट्याचा नाद ती वाट टाळून थेट आत गेला होता. वयाने ज्यांची नस थकते त्यांना गोंगाटात कमी कळते आणि ओरडून बोलल्यास शब्द फाटतात. सिद्धीचा नियम त्यांच्यासाठी अचूक आहे. आईचे तसे नव्हते. गिरणीचा गोंगाटही तिच्या कानापर्यंत येताना वाटेतच मंद होत होता, म्हणून तो तिला आड येत नव्हता. बाकीच्या सर्वांना मात्र तो आड येत होता, म्हणून तिथे प्रत्येक जण तिच्याशी ओरडून बोलत होता. घरात गोंगाट नव्हता. घरात आम्ही तिच्याशी हळू बोलत होतो.